वरून खाली येईपर्यंतचा वेळ

प्रल्हाद,

तुझी 'अ' तुकडी आता माझ्याकडं आली आहे. हेडसरांनी मला विचारलंसुद्धा नाही. नुसतं वेळापत्रक पुढं सरकवलं आणि चष्मा पुसत बसले. 'ब' तुकडीच्या चौकटीत माझं नाव होतंच. 'अ'च्या चौकटीतल्या तुझ्या नावावर व्हाइटनर लावून तिथंही माझंच लिहिलेलं होतं. मी सही केली आणि बाहेर आलो. बाहेर तुझी पोरं पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. त्यांनी मला नमस्कार केला.

ताडकळसच्या आपल्या शाळेत नववीचं विज्ञान आपण दोघांनी वाटून घेतलं होतं. पूर्णेहून एकाच मोटारसायकलवर यायचं, एकमेकांच्या डब्यातलं खायचं आणि एकाच धड्यावरून भांडायचं. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर हसेल, पण आपलं सगळ्यात जुनं भांडण कशावरून होतं तर वरून पडणारी वस्तू जमिनीवर किती वेगानं आदळते ते कसं काढायचं, यावरून. उत्तराबद्दल वाद नव्हताच. दोघांचं उत्तर दरवर्षी एकच यायचं. तरी भांडण मिटलं नाही.

मी मूळचा गणिताचा माणूस. मला सगळं क्रमानं लागतं. वस्तू सुटली, दर सेकंदाला तिचा वेग इतका वाढत गेला, जमिनीला टेकेपर्यंत इतका वेळ गेला, म्हणून शेवटचा वेग इतका. तुला ही सगळी उठाठेव वाटायची. तू फळ्यावर एक रेघ वर काढायचास, एक खाली. वर असताना वस्तूकडं उंचीमुळं मिळालेली ऊर्जा आहे, एम जी एच. खाली पोचता पोचता ती सगळी वेगाची झाली, अर्धा एम व्ही वर्ग. जेवढी वर होती तेवढीच खाली. दोन्हीकडचा एम गेला, वेगाचा वर्ग म्हणजे दोन जी एच, वर्गमूळ काढा, पाणी प्या. वस्तू सरळ पडली का उतारावरून घसरत आली का दोरीला लटकून झोका घेत आली, याच्याशी तुला काही देणंघेणं नसायचं. घर्षण आणि हवा सोडली तर खाली सगळ्यांचा वेग तोच.

"वाटेची चौकशी कशाला करायची बाप्पा?" तू गाडी चालवता चालवता मान मागं करून म्हणायचास. "निघाली कुठून अन् पोचली कुठं, एवढं कळलं की बास."

"समोर बघ आधी. अन् वेळ? तुझ्या रीतीत वेळ कुठं गेला?"

"प्रश्नात वेळ विचारलाय का?"

"न्हाई."

"मग गप बस की."

मी काही गप बसायचो नाही. पडणं ही घडणारी गोष्ट आहे आणि घडणाऱ्या गोष्टीला वेळ लागतो, तो सोडून उत्तर काढणं म्हणजे पाहुण्याला न भेटता त्याच्या चपला बघून परत येणं, असं मी म्हणायचो. तू हसायचास. मग 'अ' आणि 'ब'ची पोरं मधल्या सुट्टीत आपल्यासारखीच भांडायची आणि ते बघून आपण दोघंही खूश व्हायचो.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. मला टायफॉइड झाला होता त्या पावसाळ्यात माझी 'ब' तुकडी तू सांभाळलीस. मी परत आलो तर पोरांनी तो धडा पूर्ण केलेला. मला वाटलं, झालं, यानं माझी पोरं बाटवली. फळ्यावर एकाला बोलावून उदाहरण घातलं, तर पोरगं वेळ काढून, समीकरणं मांडून, माझ्या पद्धतीनं उत्तरापर्यंत गेलं. मी विचारलं, ऊर्जेनं का नाही केलंस? ते म्हणालं, "सर म्हनले, तुमच्या मास्तरची रीत अशी हाय, तुमी अशीच करा. माझी रीत इथं न्हाई चालायची." मी आजारी असताना तुला चांगली संधी होती. तू ती घेतली नाहीस, उलट माझी बाजू माझ्यापेक्षा नीट शिकवून ठेवलीस. त्या दिवशी घरी जाताना मी तुझ्या मागं बसून वेळेवरूनच भांडलो, पण खरं म्हणजे मला तुझा खांदा धरून काहीतरी बोलायचं होतं. आपल्यात तसं बोलायची सवय नव्हती.

तुझा मातीचा प्रयोग मला कधी जमला नाही. वावरातली काळी माती आणून आदल्या दिवशी भिजवायचास, पँट गुडघ्यापर्यंत वर करून ती पायानं तुडवायचास आणि घमेल्यात थापून व्हरांड्यात ठेवायचास. किराणा दुकानातनं मागून आणलेलं जुनं लोखंडी वजन आधी कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचं, मग स्टुलावर चढून दुप्पट उंचीवरून. वजन रुतलं की खराट्याची काडी घालून खड्डा मोजायचा. पोरांना आधी विचारायचास, "उंची दुप्पट केली तर वेग किती व्हईल?" सगळे एका आवाजात दुप्पट म्हणून ओरडायचे. खड्डाही साधारण दुप्पटच भरायचा आणि पोरं टाळ्या पिटायची.

"थांबा," तू म्हणायचास. "खड्डा दुप्पट झालाय, वेग न्हाई. माती ऊर्जा मोजायलीय. वेग दुप्पट पाहिजे असंल तर चौपट उंचीवर जावं लागंल."

मग एखाद्या पोराची नजर शाळेच्या छताकडं वळायची आणि तू लगेच दटावायचास. छतावर कुणी चढायचं नाही, हा तुझा नियम होता. पतंग अडकला तरी तू शिपायाला शिडी लावू द्यायचा नाहीस, बांबूनं काढायला लावायचास.

आणि त्या रविवारी तू स्वतःच्या घराच्या स्लॅबवर होतास. त्याचं नवल कुणाला वाटणार? उद्या नळ येणार म्हटलं की आदल्या दिवशी आपल्या गल्लीतली सगळी घरं टाक्या धुतात. कितीतरी दिवसांनी येणारं ताजं पाणी जुन्या गाळावर घ्यायचं नाही, हा आपल्याकडचा कायदाच. त्या सकाळी गल्लीतल्या प्रत्येक घराच्या जिन्यावरच्या त्या एवढ्याशा स्लॅबवर कुणी ना कुणी लुंगी खोचून, टाकी आडवी करून आत खराटा चालवत होतं. कठडा कुणाच्याच स्लॅबला नाही. मीही माझ्या टाकीत अर्धा आत होतो. आतून सगळे आवाज घुमून येतात, त्यामुळं तुमच्या अंगणातून आलेली वहिनींची हाक मला आधी कळलीच नाही.

तू जिथं पडला होतास तिथलं मी काही लिहिणार नाही. तू वाचणार असतास तरी लिहिलं नसतं. गाडी बोलावली, दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मान हलवली आणि म्हणाले, पडल्याबरोबरच संपलं होतं.

पण त्या दिवसातली एक गोष्ट सांगतो, कारण ती तुझ्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. तुला घरी आणल्यावर अंगणात माणसं जमली. मी भिंतीला टेकून उभा होतो. नजर वर गेली. विटांच्या थरांवरून उंचीचा अंदाज आपोआप आला, मास्तरकीची खोड, दुसरं काय. आणि डोकं पुढं चालूच राहिलं. दोन जी एच. वर्गमूळ. बायका रडत होत्या आणि मी उत्तर काढत होतो. उत्तर आलं तेव्हा लक्षात आलं की ताडकळसच्या रस्त्यावर आपली गाडी रोज जेवढ्या वेगानं चालायची, जवळपास तेवढाच. ज्या वेगात आपण इतकी वर्षं भांडत आलो, तो वेग.

आणि मी तिथंच थांबलो. वेळ काढला नाही. आयुष्यभर वेळ वेळ करणारा मी, मला वेळ नको होता. वेळ काढला असता तर त्या वेळात तू होतास, हवेत, जिवंत, आणि ते मला बघायचं नव्हतं. तुझी रीत वर एक रेघ काढते, खाली एक रेघ काढते आणि मधलं काही विचारत नाही. त्या दिवशी मी तुझ्या रीतीचा आसरा घेतला. ती आपल्या दोघांच्या रीतींपैकी जास्त देखणी आहे, हेही मला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

शोकसभेत हेडसर म्हणाले, ऊर्जेचा कधी नाश होत नाही, तेव्हा आपल्या सरांची ऊर्जाही आपल्यातच आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला उठून सांगावंसं वाटलं की तो नियम तसा नाही हो. तो नियम जमाखर्च सांगतो, समजूत काढत नाही. वस्तू जमिनीवर आदळली की तिची ऊर्जा आवाजात जाते, उष्णतेत जाते, मातीच्या खड्ड्यात जाते, सगळी शाबूत असते, आणि तरी त्या सगळ्यातून ती वस्तू परत वर येत नाही. तू असतास तर मला कोपरखळी मारून हेच म्हणाला असतास आणि आपल्याला हसू आवरलं नसतं. मी शेजारी बघितलंसुद्धा. पण हेडसरांचा आवाज कापत होता. त्यांनाही तू हवा होतास, त्यांच्यापाशी तेवढेच शब्द होते. मी खाली बघून बसून राहिलो.

मग तो धडा आला. तुझ्या वर्गात, तुझ्या पोरांपुढं. मी ठरवलं होतं की तुझ्याच रीतीनं शिकवायचं. पुस्तकातलं उदाहरण छतावरून पडणाऱ्या वस्तूचं होतं. मी खडू उचलला, छताचा 'छ' लिहिला, पुसला आणि लिहिलं, झाडावरून एक चिंच पडते. वर्गाला कळलं. एवढ्या लेकरांना काय काय कळतं, ते आपल्याला कधी कळत नाही.

पहिल्या बाकावरचा एक जण मला सावरायला म्हणून मुद्दाम बोलला, "सर, चिंच लय हलकी असती की. वजनदार कायतरी घ्या."

"एम जाणार आहे ना दोन्हीकडनं? मग हलकी काय, जड काय?"

"हा, खरंच की."

वर रेघ, खाली रेघ. एम जी एच, अर्धा एम व्ही वर्ग. तुझ्यासारखं अक्षर नाही माझं, पण पोरांनी पटापटा उतरवून घेतलं. उत्तर आलं. फळा पुसायला वळलो तर मागून अश्विनीचा आवाज आला. तीच ती, तुला रोज एक तरी शंका विचारणारी.

"सर, पन खाली यायला येळ किती लागला?"

तिनं सहज विचारलं आणि लगेच तोंडावर हात ठेवला. सगळा वर्ग तिच्याकडं बघायला लागला. इतकी वर्षं मी तुझ्या वर्गातल्या एका तरी पोरानं हा प्रश्न विचारावा म्हणून वाट बघितली होती रे. मी म्हणालो, "प्रश्नात वेळ विचारलेला नाही." तुझंच वाक्य. मग पोरांना स्वाध्याय करायला लावला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

त्याच आठवड्यात वहिनींनी बोलावलं. तुझी लेक राधा हॉस्टेलला परत गेली आहे, नांदेडला. जायला तयार नव्हती, वहिनींनीच पाठवलं. घरात गेलो तर अंगणात तुमची काळी टाकी जमिनीवर ठेवलेली. वहिनींनी ती खाली उतरवून घेतली आहे. आता नळाला बादली लावून भरतात. मी म्हणालो, मोटर लावून वरच ठेवता आली असती, मी धूत जाईन. त्या म्हणाल्या, "कुनी वर चढायचं न्हाई आता. तुमीबी तुमची खाली घ्या."

चहा दिला. इकडचं तिकडचं बोललो. मग त्या समोर जमिनीवर बसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू का? दुसऱ्या कुनाला इचारता येईना. तुमी दोघं तेच शिकवायचे म्हणून तुमाला इचारायलेय."

"विचारा ना वहिनी."

"तेवढ्या वरून खाली यायला किती येळ लागतो ओ?"

प्रल्हाद, मला वाटलं, आलं ते. वर्गात चुकवलं ते इथं आलं. मला उत्तराची तयारी करावी लागली नाही, जो तो इतके दिवस या घरात येऊन जे सांगत होता तेच मी सांगितलं. "वेळ कसला वहिनी? डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्याला काही कळलंसुद्धा नसंल. भीती न्हाई, दुखणं न्हाई, काहीच न्हाई."

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, पण ठाम.

"तसं नका सांगू. सगळे तसंच सांगायलेत, काही कळलंच नसंल त्यायला म्हणून. म्हंजे मला बरं वाटावं. पन मला त्यानं बरं वाटत न्हाई भाऊजी. काहीच कळलं नसंल तर मग आमी दोघीबी त्यायच्या मनात आलो न्हाई. तसेच गेले ते, रिकामे." त्या थांबल्या. "मला एवढंच इचारायचंय. तेवढा तरी येळ होता का, की राधाचं तोंड त्यायच्या डोळ्यापुढं यावं?"

माझ्या हातात कप होता. तो मी खाली ठेवला.

मी समजत होतो की वेळ जितका कमी तितकं वहिनींचं दुःख कमी. तू पडताना जो काळ गेला तो मी इतके दिवस झाकून ठेवला होता, तुझ्या त्या दोन रेघांच्या मधे, आणि मला वाटत होतं की मी सगळ्यांवर उपकार करतोय. आणि ही बाई तोच काळ मागत होती. तिला वेग नको होता. तिला मधलं हवं होतं, ज्याची तू कधी चौकशी केली नाहीस.

मग मी तिथं बसून वेळ काढला. माझ्या रीतीनं, मनातल्या मनात, क्रमानं. सुटलास. वेग वाढत गेला. मी तुला त्या वेळात बघितलं, जे मला बघायचं नव्हतं ते सगळं बघितलं आणि जमिनीपर्यंत तुझ्यासोबत आलो. एका सेकंदाहून जरासा जास्त.

पण सेकंद म्हणून वहिनींना काय कळणार? मला तरी काय कळतो? इतकी वर्षं फळ्यावर सेकंद लिहिले, एकही नीट बघितला नव्हता.

"वहिनी," मी म्हणालो, "राधाचं नाव घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आं?"

"घरात हाक मारता तसं. घ्या एकदा."

"राधा," त्या म्हणाल्या.

"आता परत घ्या. सावकाश."

"राधा."

"दोनदा म्हणायला लागला तेवढा तरी वेळ होता वहिनी. तेवढा नक्की होता. मी हिशेब करून सांगायलोय, तुम्हाला बरं वाटावं म्हणून न्हाई."

त्यांचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं रडतायत, पण रडत नव्हत्या. त्या नाव घेत होत्या, आवाज न करता, एकदा, मग परत, आणि प्रत्येक वेळी मधे थोडं थांबून बघत होत्या की त्यात किती मावतं. मग एकदा त्यांनी डोळे मिटून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तेव्हा मला कळलं की राधाच्या नावानंतर थोडी जागा उरते का, ते त्या बघत होत्या.

"उरते वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले आणि माझा गार झालेला चहा गरम करायला उठल्या.

वेळ पुरेसा होता, प्रल्हाद. एवढं मी खात्रीनं सांगितलं आहे आणि ते खोटं नाही. त्या वेळात तू काय केलंस, ते मात्र ना तुझ्या रीतीनं निघतं, ना माझ्या.